दसऱ्याला उघडी आलेली गाडी

चाकणच्या एसटी स्टँडवर फोन होता, पण पाऊस आला की सगळ्यात आधी तोच मरायचा. तारा पडायच्या. मग तिकडं मोशीला इंद्रायणीच्या पुलावर पाणी चढलं, हे इकडं कळणार कसं? स्टँडच्या साहेबांनी त्यावर तोड काढली होती. नदीवरून माघारी फिरलेल्या गाडीनं पुढच्या बाजूला हिरवी फांदी बांधायची, आणि ती बघून समोरच्यानं थांबायचं. आख्खा पावसाळा त्या फांदीनं निभावला. माझे मालक पुण्याच्या गाडीवर ड्रायव्हर, घर स्टँडला लागून, म्हणून मला हे सगळं पाठ होतं.

त्या साली दसऱ्यालाही पाऊस हटेना. सकाळी मीच गाडीला झेंडूची माळ घातली, आंब्याचे डहाळे बांधले आणि बजावलं, "पाणी दिसलं तर मुकाट्यानं मागं फिरा." मागं एकदा त्यांनी पाण्यातून गाडी काढली होती आणि वर मिशीला पीळ दिला होता. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. "मला नको शिकवू," म्हणाले आणि गेले. सकाळची खेप करून आले आणि दुपारी पुन्हा पुण्याकडं निघाले.

ते गेले तोच मोशीकडून मालट्रक आला, पुढं हिरवी फांदी. साहेब भिजत धावले. "काय राव, पूल बंद हाय?"

"न्हाई ओ! दसरा न्हाई का आज?"

लोक हसले. मला हसू येईना. मागोमाग आलेल्या प्रत्येक गाडीला, अगदी बैलगाडीलाही, आंब्याचा पाला होता. थोड्या वेळानं कुरुळीचा एक सायकलवाला ओरडतच आला, "पुलावर पानी आलंय! दोन गाड्या फांदी लावून फिरल्यात, पन कुनी थांबंना. समद्यांना दसऱ्याचीच वाटतीया."

म्हणजे यांनाही तशीच वाटली असणार. घरात जाई, चुलीवरचं आधण उतरवी, परत रस्त्यावर येई. शेजारीण म्हणाली, "बस की जरा." तिच्यावर उगाच खेकसले. देवाचं नाव घेतलं, तेही रागानंच.

मग वळणावर गाडी दिसली. नंबर ओळखीचा, पण पुढं माळ नाही, डहाळा नाही, एक पान नाही. सणाच्या दिवशी गाडीचं कपाळ उघडं! माझा हात आपोआप कुंकवाकडं गेला. स्टँडवरची निघायला टेकलेली गाडी न सांगता थांबली, माणसं धावत आली.

मालकच खाली उतरले. "पूल बुडालाय. फांदीकडं कुनी बघंना, मग सगळंच उतरवलं. वाटेत जो तो गाडी थांबवून इचारतोय, कोन गेलं म्हनून."

"आणि तुम्ही कसे थांबलात?"

"चाक घातलं व्हतं पान्यात," मान खाली घालून म्हणाले. "मग काढलं."

माळ सीटखाली पडली होती. ती मी पुन्हा गाडीला बांधली नाही. घरी नेली, पाटावर बसवून त्यांच्याच गळ्यात घातली, आणि मग पोटभर भांडले.