वाईटपणा घेणाऱ्या अक्का

अशिलाबरोबर आलेला नातेवाईक जितका गोड बोले, तितक्या लवकर अक्का त्याला बाहेर काढत. "पावणं, जरा भाईर बसा. मला म्हातारीशी बोलायचंय." पावणं रेंगाळलं, तर मला हुकूम सुटे, "ह्यास्नी चहा पाजून आण." वकिली शिकायला आलेली मी पहिलं वर्ष बहुधा चहाच शिकले.

अक्का मूळच्या कुरुंदवाडच्या, लिंगायत व्यापारी घरातल्या. घरी कानडी, कोर्टात मराठी. आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात दिवाणी कामं करणाऱ्या बायका मोजक्याच होत्या. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपले सगळे व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, हा त्यांचा खास वैरी. "देणाऱ्याला एकट्याला इचारल्याबिगर असला कागद नोंदवूच नये, असा कायदा करा की," असं त्या वकिलांच्या प्रत्येक बैठकीत बजावत. 'अक्कांचं कीर्तन लागलं' म्हणून लोक हसत.

एकदा मुरगूडच्या तानूबाई असलाच कागद करायला बाळू नावाच्या पुतण्याबरोबर आल्या. विधवा, मूलबाळ नाही. राहायला या बाळूच्याच घरी. तो बाहेर गेल्यावर अक्कांनी विचारलं, "ह्या कागदावर त्यो तुझं रान इकू शकतोय. ठावं हाय?"

म्हातारीनं दाराकडे पाहिलं. "न्हवतं ठावं. पर आता नको म्हटलं, तर त्याला वाटंल माझा इश्वास न्हाय. मग भाकरी कोण घालंल?"

यावर कायद्यात उत्तर नव्हतं. अक्कांनी बाळूला आत बोलावलं. "दूधसंस्थेचं, बँकेचं लिवून देईन. इक्रीचं मी लिवत न्हाय."

"काकीची तयारी हाय, मग तुमचं काय जातंय?"

"तिची आसंल, माझी न्हाय. शिव्या मला दे."

त्यानं त्या मनसोक्त दिल्या. 'घरं फोडणारी बाई' असा मुरगूडभर बोभाटा केला. तानूबाईंना मात्र एका शब्दानं बोलला नाही. पुढं तो दुसऱ्या वकिलाकडे चल म्हणाला, की म्हातारीचे गुडघे नेमके दुखायला लागत. मला अक्कांचा फार अभिमान वाटला.

काही वर्षांनी अक्का गेल्या. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांचा देह बसवला होता, कपाळभर विभूती. गर्दीत काकीचा हात धरून बाळू आला होता. नमस्कार करून तो माझ्याशेजारी थांबला. "तवा रानाला गिऱ्हाईक ठरवूनच आलतो मी," हळूच म्हणाला.

तानूबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

"लोकं म्हणत्यात, अक्कानं माझं रान वाचवलं," त्या मला म्हणाल्या. "रान काय, माझ्यामागं ह्याचंच हाय. तिनं माझा पोरगा वाचवला."