पेन्सिलीने लिहिलेली तारीख

शेवंतीबद्दल लिहायचं मी जवळजवळ अठरा वर्षं टाळलं. मला कुणी विचारलं नाही, हे एक कारण. आणि कुणी विचारलंच असतं, तर द्यायला माझ्याकडे एक उत्तर तयार होतं. कागदावर ते खरंही होतं. आता मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे. नलिनी, माझी बायको, हे वाचेल तेव्हा तिलाही ही हकीकत पहिल्यांदाच कळेल.

शेवंतीची एक सवय आधी सांगतो. ती कागदाची प्रकृती विचारायची. इकडे तमिळ मुलखात, अड्यारच्या आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागाला एक खिडकी होती आणि तिच्या आतल्या बाजूला मी बसायचो. फिजिओथेरपीच्या वर्गाला जाता जाता ती खिडकीत डोकं घालून विचारायची, "काका, माझा कागद बरा आहे?" जणू तिने तो माझ्याकडे औषधपाण्यासाठी ठेवला होता. मी म्हणायचो, "ठणठणीत आहे. तू वर्गात जा."

ती मॉरिशसची. पहिल्या दिवशी मी तिला इंग्रजीत नाव विचारलं. 'शेवंती' ऐकून मान वर केली. आडनाव विचारलं तर म्हणाली, "सखाराम." मी सवयीने मराठीत पुटपुटलो, "हे वडिलांचं नाव झालं. आडनाव कुठाय?" तर खिडकीपलीकडून मराठीतच उत्तर आलं.

"तेच आडनाव, काका. आमचा खापरपणजोबा जहाजातून उतरला, तेव्हा कारकुनाने तेवढंच लिहिलं. मग आम्ही सगळे सखाराम." आणि हसून म्हणाली, "तेव्हापासून आमच्या घरी कारकुनाला घाबरतात."

मीही हसलो होतो.

तिचं मराठी आजीकडून आणि तिकडच्या शाळेतून आलेलं. वाक्यं छोटी, क्रियापदं कधी कधी वाट चुकलेली, पण आरत्या सगळ्या तोंडपाठ. कोकणातलं मूळ गाव कोणतं, ते तिच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण कारकुनाने ते लिहिलंच नव्हतं. म्हणून असेल, पण कागद या वस्तूला ती फार जपायची. भारतात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते, राहण्याचा परवाना काढावा लागतो, आणि तो संपायच्या आत कॉलेजच्या पत्रासह मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागतो. अभ्यासात पहिला नंबर असला तरी परवान्याची तारीख उलटली की त्या दिवसापासून तो विद्यार्थी बेकायदा राहणारा माणूस होतो. शेवंती दरवर्षी नव्या परवान्याच्या पाच झेरॉक्स काढायची. एक पिशवीत, एक उशीच्या अभ्र्यात, एक शरीररचनेच्या जाड पुस्तकात, एक मैत्रिणीकडे. पाचवी तिच्या घरमालकीण मामींकडे. तिरुवान्मियूरला त्यांच्या माडीवरच्या खोलीत ती राहायची. "मामी तो देवाच्या फोटोमागे ठेवते, काका. रोज माझ्या कागदालाही कुंकू लागतं."

आता माझ्याविषयी. आवडी नावाच्या इथल्याच उपनगरातल्या संरक्षण कारखान्याच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं काढली. एकही मेमो नाही. निवृत्तीनंतर या कॉलेजात लागलो, तो हाच लौकिक घेऊन. माझी एक पद्धत होती: अपुरी फाइल पुढे पाठवायची नाही. कागद आले की कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख लिहायची आणि फाइल खणात ठेवायची. शेवटचा कागद आला की मगच रजिस्टरात शाईने नोंद, आवक क्रमांक आणि त्या दिवसाची तारीख. मग पेन्सिलीची तारीख खोडायची. त्यामुळे माझ्या रजिस्टरात एकही फाइल कधी अडकलेली दिसायची नाही. साहेब लोक खूश असायचे. नलिनी मात्र थट्टा करायची. ताटावर बसून मी कोशिंबिरीची वाट पाहायला लागलो की म्हणायची, "काय हो, फाइल अपुरी आहे का? आवक क्रमांक मिळाल्यावर जेवणार?"

तिसऱ्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. वरच्या फळीवरून फाइल काढताना शेवंतीने माझा चेहरा पाहिला आणि न विचारता आत आली. खांद्यामागे तीन ठिकाणी बोट दाबलं. तिन्ही ठिकाणी मी ओरडलो.

"एक्स-रेत तर काही आलं नाही," मी म्हणालो.

"एक्स-रेला कळत नाही, काका. बोटांना कळतं."

तिने व्यायाम शिकवला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि दोन बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची. त्या वर्षी गणपतीला ती आवडीला आमच्या घरी आली, तेव्हा जेवणाआधी मला भिंतीशी उभं केलं. बोटं जिथे अडली तिथे पेन्सिलीने रेघ मारून बाजूला तारीख घातली. नलिनी ओरडली, "अगं, भिंत आहे ती!" शेवंती म्हणाली, "काकू, ही काकांची फाइल आहे. रेघ वर गेली की पूर्ण." दोघी खूप हसल्या. पुढेही ती अधूनमधून यायची, आणि दर वेळी रेघ थोडी वर चढलेली असायची.

२००६ चा जून आला. तिचं शेवटचं वर्ष होतं. ऑगस्टमध्ये परीक्षा, परवाना तीस जूनला संपणार. सात जूनला, म्हणजे चांगले तेवीस दिवस आधी, तिने कागद आणून दिले. त्यात एकच नव्हता, मामींचं राहण्याच्या जागेचं पत्र. मामी मुलीच्या बाळंतपणासाठी कोइमतूरला गेल्या होत्या. मी तिच्यासमोर कव्हरवर पेन्सिलीने '७ जून' लिहिलं आणि फाइल खणात टाकली.

"काका, असंच नेलं तर? पत्र मागाहून दिलं तर?"

"अपुरी फाइल परत येते आणि नाव कॉलेजचं जातं. येतील की मामी."

आधी ती विचारायची, "कागद बरा आहे?" मग विचारू लागली, "कागद अजून खणात आहे?" वीस तारखेनंतर तिने विचारणं सोडलं. नुसती खिडकीत उभी राहायची. मी मान हलवायचो, ती निघून जायची. मामींचं येणं बाळाच्या काविळीमुळे लांबलं. सव्वीस तारखेला मामींनी तिथल्या दुकानातून पत्र फॅक्स केलं. शेवंती तो कागद घेऊन धावत आली. मी म्हणालो, "फॅक्स चालत नाही, मूळ सही हवी." चालत नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

एकोणतीसला संध्याकाळी मी खण बंद करत होतो.

"काका, उद्या शेवटचा दिवस. मी स्वतः घेऊन जाऊ?"

"कॉलेजच्या पत्राशिवाय नेऊन काय करशील? आणि पत्र फाइल पूर्ण झाल्यावरच निघतं. दोन-चार दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही, शेवंती."

मामी तीन जुलैला परतल्या. मी रजिस्टरात शाईने तीन जुलैची नोंद केली, पण कव्हरवरची पेन्सिल त्या गडबडीत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकारी बाई शांतपणे कागद चाळत होत्या. म्हणाल्या, "घरमालकिणीचं पत्र नंतर दिलं असतं तरी चाललं असतं. अर्ज मुदतीत यायला हवा होता." मग म्हणाल्या, "चार दिवसांत कॉलेजचं पत्र आणा. उशीर कुणामुळे झाला ते स्पष्ट लिहा. कॉलेजमुळे झाला असेल तर दंड भरून मिटेल. विद्यार्थिनीमुळे असेल तर माझ्या हातात काही नाही. तिला जावं लागेल."

परतताना बसमध्ये शेवंतीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "मग मिटलं, काका. तुम्हीच लिहिणार ना पत्र? आणि पेन्सिल आहे ना कव्हरवर."

"हो," मी म्हणालो.

पण पत्रावर सही करणार होते संस्थेचे चालक. इकडे त्यांना करस्पॉन्डंट म्हणतात. त्यांनी संध्याकाळी मला बोलावलं. "मिस्टर केळकर, उद्या दहाला रजिस्टर, फाइल आणि त्या मुलीला घेऊन या. चूक ऑफिसची असेल तर मी तसं लिहीन. पण मग ज्याची चूक असेल त्याला घरी जावं लागेल. आणि का, ते त्याच्या कागदावर लिहावं लागेल."

इथे कुणी माझी कीव करू नये. माझं पेन्शन चालू होतं. मुलगा नोकरीला लागलेला होता. मी घरी गेलो असतो तर आमच्या चुलीला काही फरक पडला नसता. फक्त चौतीस वर्षं आणि त्यावरची पाच, एवढ्यांच्या शेवटी एक मेमो लागला असता. त्यासाठी मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, ऑफिसात कुणी यायच्या आधी, खणातून खोडरबर काढलं. तशी ती माझी नेहमीचीच पद्धत होती, फाइल पूर्ण झाली की पेन्सिल खोडायची. मी स्वतःला तेच सांगितलं. भुगा फुंकून टाकला.

दहा वाजता करस्पॉन्डंटनी रजिस्टर पाहिलं. तीन जुलै. कव्हर पाहिलं. मग शेवंतीला विचारलं, "तू कागद कधी दिलेस?"

"सात जूनला, सर. कव्हरवर पेन्सिलीने लिहिलेलं आहे."

त्यांनी कव्हर तिच्याकडे सरकवलं. तिने कोपरा पाहिला. मग त्यावर अंगठ्याशेजारचं बोट ठेवलं आणि हलकेच पुढेमागे फिरवलं, माझ्या खांद्यावर फिरवायची तसंच. मी पेन्सिल दाबून लिहितो. पुठ्ठ्यावर वळ राहिला असणार. तिचं बोट एका जागी थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, आता ती सांगेल. मी तयार होतो. काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. पण करस्पॉन्डंटनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्यावरची नजर न काढता ती इंग्रजीत म्हणाली, "अंकलनी जी लिहिली असेल तीच तारीख, सर."

मग ती थांबली. करस्पॉन्डंटही थांबले. वर पंखा फिरत होता. मला वाटतं, अर्धं मिनिट तरी तिने मला दिलं असेल. त्या अर्ध्या मिनिटात एक शब्द पुरे होता.

मी म्हणालो, "रजिस्टरप्रमाणे तीन जुलै, सर."

पत्र तसंच निघालं. तिला देश सोडायला दहा दिवस मिळाले. परीक्षा पाच आठवड्यांवर होती. निघायच्या आधी सगळ्या विभागांच्या सह्यांचा कागद घेऊन ती माझ्या खिडकीत आली. आमच्या विभागाचं तिच्याकडे काही बाकी नाही, अशी सही मी केली. तिने शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, कागदाची नीट घडी केली आणि म्हणाली, "काका, खांदा बरा आहे?"

"बरा आहे."

"भिंत सोडू नका."

घरी नलिनीने विचारलं, "शेवंती गणपतीला येणार ना?" मी म्हणालो, गेली ती, तिनेच कागद उशिरा दिले. "कोण? शेवंती? उशिरा?" नलिनी एवढंच म्हणाली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दीड वर्षाने ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक कार्ड आलं. समुद्रात गणपती घेऊन उतरलेली माणसं, आणि मागे शाळकरी वळणाची देवनागरी: 'काका, मी दवाखान्यात काम करते. मदतनीस आहे. डिग्री नाही म्हणून कागदावर सही दुसरे करतात. बोटं माझी. खांदा कसा आहे? काकूला नमस्कार.' खाली पत्ता होता. तक्रारीचा एक शब्द नव्हता. मी कार्ड दोनदा उलटून पाहिलं.

घराला दोनदा रंग दिला, पण त्या भिंतीचा पट्टा मी रंगवू दिला नाही. नलिनीला वाटतं, खांदा पुन्हा धरेल अशी मला भीती आहे. सर्वांत वरची रेघ २००६ च्या मेमधली आहे. माझी बोटं आता तिथवर पोचत नाहीत.

त्या पत्त्यावर मी किती पत्रं लिहायला घेतली, ते आता आठवत नाही. एकही पुढे गेलं नाही. दर वेळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं आणि मी कागद खणात ठेवून द्यायचो. आत्ताही एक समोर आहे. त्यावर शाईने लिहिलं आहे: 'चि. शेवंतीस अनेक आशीर्वाद. तुझे कागद सात जूनला माझ्या हातात आले होते. तारीख मी खोडली. तुझ्या बोटांना ते कळलं, हे मला तेव्हाच समजलं होतं. तू मला वेळ दिलास आणि मी गप्प राहिलो. शेवंती, मला'

इथवर दर वेळी येतो.