पहिल्याच शब्दावर अडलेले पत्र

पुंडलिक चौधरी सर, म्हणजे आपल्या सर्वांचे नाना, यांची आणि माझी ओळख टेलिफोनवर झाली. मी धुळ्यातल्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होतो. मला जन्मापासून दिसत नाही. नानांचे धाकटे बंधू आमच्या लेखा शाखेत असल्यामुळे जळगावहून नानांचा फोन अधूनमधून येई. बाकीचे लोक "अमक्यांना द्या" एवढेच म्हणत. नाना एकदा म्हणाले, "देताय ते द्या, पण तुमचा घसा बसलाय का? आल्याचा काढा घ्या." ऑपरेटरलाही घसा असतो हे लक्षात घेणारे ते पहिलेच.

पुढे कार्यालयात नवे एक्स्चेंज आले. प्रत्येक टेबलाला थेट नंबर मिळाला आणि माझे काम संपले. नोकरी राहिली, पगार राहिला. मात्र मला दर्शनी खोलीत नुसती एक खुर्ची देण्यात आली. हे बंधूंकडून कळताच नाना पुढच्याच रविवारी बसने धुळ्याला आले. ते जळगावच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. सोबत एक जुना लॅपटॉप होता. त्यावर त्यांनी लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवली होती, आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रामही. आवाज इंग्रजी, परदेशी वळणाचा. पण मी टाइप केलेले मलाच ऐकू आले, तेव्हा मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा टाइप करत राहिलो.

त्यानंतर नाना दर रविवारी येऊ लागले. येताना असोदा या आपल्या गावाहून घरची केळी आणत आणि आल्याबरोबर कामाला बसत. आमची सौ. अहिराणीत दटावायची, "नाना, आते जेवाले बठा. मशिन काय पयी जात नही." मशीन काही पळून जात नाही, हे पटून नाना हसून उठत. काही महिन्यांत मी कार्यालयीन इंग्रजी पत्रे बिनचूक लिहू लागलो.

आमच्या साहेबांनी एक संधी दिली. सर्वांसमोर पत्र लिहून ते कार्यालयाच्या नेटवर्कवरून त्यांच्या संगणकावर पाठवून दाखवायचे. जमले तर पत्रव्यवहार शाखेत नेमणुकीची शिफारस करू, असे ते म्हणाले. लॅपटॉपला नेटवर्कची सोय नव्हती. तेव्हा नानांनी बाजूच्या खाचेत बसणारे नेटवर्क कार्ड मिळवले. घरी कार्ड बसवून आम्ही पुष्कळ सराव केला. सगळे सुरळीत चालले.

त्या दिवशी साहेबांच्या दालनात नानांनी केबल जोडली आणि मी पहिला शब्द टाइप केला, 'रेस्पेक्टेड'. आवाज उमटला, "रेस्पे... रेस्पे... रेस्पे..." पुढे सरकेचना. मग तोही बंद पडला. मागून कोणीतरी हसले. मशीन पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. मी कळांवर बोटे ठेवून बसून राहिलो. नाना उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, यांच्या कामात काही कमी नाही. जुळणी माझी आहे, दोष माझा आहे." साहेब म्हणाले, "बघू." सरकारी कार्यालयात या शब्दाचा अर्थ काय होतो, ते सर्वांना माहीत आहे.

पुढचे दोन रविवार नाना आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते दुसरा एक संगणक आणि लांब केबल घेऊन. मी विचारले, "काय झालं होतं, नाना?" तेव्हा त्यांनी समजावले, "यंत्राच्या प्रत्येक भागाला प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायला एक लाइन लागते. तिला इंटरप्ट म्हणतात. या जुन्या मशीनमध्ये त्या मोजक्याच आहेत. तुमचा आवाज आणि ते कार्ड, दोघं एकाच लाइनवर आले. घरी केबल नव्हती, कार्ड नुसतं बसून होतं, म्हणून कळलं नाही. ऑफिसात ते बोलायला लागलं आणि आवाजाचा गळा दाबला."

उपाय छोटाच होता. लॅपटॉपचा तारेविना माहिती पाठवणारा इन्फ्रारेड भाग आम्ही कधीच वापरत नव्हतो. नानांनी तो बंद करून त्याची लाइन मोकळी केली, आणि आवाजाच्या लाइनला कार्डाने हात लावू नये अशी एक ओळ प्रणालीच्या फाइलमध्ये लिहिली. मग केबल जोडून मला संपूर्ण पत्र लिहायला लावले आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले. पत्र दुसऱ्या संगणकावर पोहोचले.

पण तोवर साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, "या विषयावर निर्णय झालेला आहे." नाना पुन्हा पुन्हा भेटून आले, आपले म्हणणे लेखी दिले, उपयोग झाला नाही. मी त्याच दर्शनी खोलीतून निवृत्त झालो. कार्यालयासाठी एकही पत्र मी लिहिले नाही. मला ते येत होते, म्हणून मनाला अधिक लागते.

नानांचे विद्यार्थी सांगतात, त्यानंतर प्रयोगशाळेत सरांचा एक दंडक झाला: जिथे वापरायचे तिथे, प्रत्यक्ष जोडून तपासल्याशिवाय 'चालते' म्हणायचे नाही. आता नव्या यंत्रांत या लाइनींची वाटणी आपोआप होते. ती कार्डे गेली, खाचाही गेल्या. नानांनी इतक्या कष्टाने मिळवलेले ज्ञान आज कोणी विचारत नाही. लॅपटॉप मात्र घरी पुष्कळ वर्षे बोलत राहिला. गल्लीतल्या अनेकांचे अर्ज मी त्यावर लिहिले, कन्येच्या कॉलेजचाही.

गेल्या महिन्यात जळगावला नानांकडे गेलो होतो. बोलता बोलता त्यांनी विचारले, "भास्करराव, तो दिवस अजून मनात आहे का हो?" खोटे बोलणे जमले नाही. म्हणालो, "आहे, नाना."

"माझ्याही," ते म्हणाले. "अजून कधी कधी त्यानेच रात्री जाग येते."

नाना पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, शंभरी त्यांनी सहज ओलांडावी. माझे त्यांच्याकडे एकच मागणे आहे. त्या दिवसाची खंत त्यांनी आता माझ्याकडे सोपवावी. नोकरी माझी होती, तिची खंतही मीच सांभाळीन. नानांनी निवांत झोपावे.