दोनदा लागलेला काळा दगड

पावणं, विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बघू? शिकलेल्या साहेबावर, मशीनवर, की आपल्या डोळ्यांवर? परवा तुम्ही माझ्या जागी कॅम्पवर निघालाय, म्हणून विचारतोय. माझे गुडघे आता डोंगर चढत नाहीत. किस्से मात्र साचलेत, ड्रिलिंगच्या चिखलासारखे. कितीही उपसा, तळाला उरतातच.

मी सातवी पास. कापडी पिशव्या शिवून विकायचो. एकदा ईशान्येकडच्या डोंगरात तेल शोधणाऱ्या कंपनीची ऑर्डर आली, वीतभर पिशव्या, हजारोंनी. मला वाटलं, मसाल्यासाठी असतील. जाऊन बघतो तर आत दगडाचा चुरा! विहीर खोल जाईल तसा वर येणारा चुरा धुवायचा, पिशवीत भरायचा, चिठ्ठीवर खोली लिहायची. पुढं माणसंही मीच पुरवायला लागलो. घरी आलो की गल्ली एकच विचारते, "लागलं का तेल?" मी म्हणतो, "पिशव्या भरल्या, डबा न्हाय."

*

जमिनीचा ठाव घ्यायला तिथं सुरुंग उडवतात आणि खालून परत येणारा हादरा मशीन टिपतं. त्या वेळी कुणी पाऊल हलवायचं नाही. एकदा स्क्रीनवर सारखी थरथर. साहेबांनी जनरेटर बंद केला, गाड्या थांबवल्या, दुपार गेली. थरथर तशीच. शेवटी तंबूमागं आमचा बिद्रीचा आचारी बाळू सापडला, उखळात घाव घालत बसलेला. हे कसलं मशीन लावलंय, म्हणून साहेब तापले.

"मशीन न्हाय सायेब, खर्डा हाय."

*

तिथल्या भूगर्भवाल्या मॅडम आपल्या राजारामपुरीतल्याच. हे डोंगर एवढे अवघड का, असं मी विचारलं, तर त्यांनी खाटेवरची वाकळ दोन्ही हातांनी रेटली. एक घडी दुसरीवर चढली. खालचं वर, वरचं खाली.

मी म्हटलं, "आमच्या भावकीगत हाय की."

*

मुकादम तानाजी राधानगरीकडचा. चिठ्ठ्या लिहायचं काम त्याचं. एका विहिरीत काळा दगड लागला, त्याखाली वाळूचा आणि त्याखाली पुन्हा तोच काळा. तानाजीला वाटलं, पिशव्यांची अदलाबदल झाली. त्यानं गुपचूप चिठ्ठ्या बदलून सगळा काळा एकाखाली एक लावला. ते बघून मॅडमनी ठरवलं, काळा थर संपला, खाली नुसती वाळू, विहीर बंद.

माणसं खूश. जोतिबाची यात्रा घरी मिळणार होती. सामान बांधून झालं. तानाजी मात्र जेवला नाही. मला म्हणाला, "मालक, माझ्यामुळं विहीर बुजली तर?"

मीच त्याला गप्प बस म्हटलं. काम जाईल, आणि वर अख्खा कॅम्प शिव्या घालील. खोटं कशाला सांगू, मलाही घरी जायचं होतं.

सकाळी तो मॅडमपुढं जाऊन सगळं सांगून आला. काळा दोनदा लागला म्हणजे वाकळेगत घडीवर घडी चढलेली, खाली अजून तेल असू शकतं. सामान सुटलं, विहीर चालू राहिली, जोतिबा हुकला. महिनाभर कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. मॅडमनी त्याला काढलं नाही. आता तुम्हाला काम तोच शिकवील. त्या सकाळी त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तानाजी, चिठ्ठ्या बदलल्या कशाला?"

"मॅडम, मला वाटलं जमिनीचीच चूक झाली. मी झाकून घेतली."

पावणं, तेवढा पिशव्यांचा हिशेब खरा ठेवा.