तीन दर आणि एका छपराचं माप

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी मी विसरलो. लालबागच्या एका चाळीच्या छपराचं प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही, नुसता फसवणुकीचा एक तक्रार अर्ज. माझ्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं.

अर्जदार होते चाळीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. चाळीच्या उतरत्या छपरावरची जुनी कौलं काढून पत्रे टाकायचं काम चालू होतं. ठेकेदाराने छप्पर पाच हजार चौरस फूट धरलं होतं. सेक्रेटरींना शंका आली, म्हणून त्यांनी एका कंपनीकडून वरून काढलेल्या फोटोवरचं माप मागवलं. ते आलं चार हजार तीनशे.

"मग सातशे फूट काय हवेत आहेत का साहेब?" त्यांनी मला विचारलं. मला तो प्रश्न बिनतोड वाटला.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. चाळीच्या नावावरचे नवे पत्रे शिवडीच्या गोदामात पडून आहेत म्हणे. हवालदाराला घेऊन गेलो, तर पत्रे होते आणि ठेकेदारही तिथेच होता. चाळीत माल ठेवायला जागा नाही, लागेल तसा नेतो, असं त्याने सांगितलं. मापाचं विचारताच मात्र त्याने हात वर केले.

"माप मी नाही घेतलं साहेब. टेपवाल्या काकांनी घेतलं. काय ते त्यांनाच विचारा."

टेपवाले काका सत्तरीच्या घरातले. बाप गिरणीत होता, यांनी जन्मभर छपरांची मापं घेतली. राहायचे त्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. निरोप धाडला असता तर चालत आले असते. मी ऐटीत जीप घेऊन गेलो आणि सगळी चाळ गॅलरीत उभी असताना त्यांना मागच्या सीटवर बसवलं. गुन्हा नोंदलेला नव्हता, तरी त्यांची टेप आणि वही काढून घेतली. पंचनामा नाही, पावती नाही. आज लिहिताना लाज वाटते.

गोदामातच ठेकेदाराच्या फाईलमध्ये एक कागद सापडला होता. माप घेण्याचे तीन दर त्याने एकाखाली एक लिहिले होते. फोटोवरचं माप सगळ्यात स्वस्त, तेही एका दिवसात. काका त्याच्या जवळजवळ तिप्पट. ड्रोनवाला काकांपेक्षाही महाग, वर परवानगीची कटकट वेगळी. स्वस्त सोडून कुणी उगाच तिप्पट देत नाही, त्या अर्थी वाटा ठरलेला असणार, असा माझा पोलिसी तर्क.

"स्वस्त माणूस सोडून तुम्हालाच का बोलावलं? किती मिळणार होते?"

"वर चढून बघा," काका म्हणाले.

"विचारलंय त्याचं उत्तर द्या!"

"तांच देतंय. खोटां माप मी जल्मात लिवूक नाय, सायबा." मग त्यांनी टेबलावरची स्टेशन डायरी ओढली. "हे छप्पर समजा..."

"डायरीला हात लावायचा नाही!" मी खेकसलो.

त्यांनी हात मागे घेतला. त्यानंतर तासभर मी त्यांना बाकावर बसवून ठेवलं. सोडताना एवढंच म्हणाले, "साहेब, छपरावर कौलं उचलली की खाली लोकांची घरं उघडी पडतात. बायकामुलं, कपाटं, सगळं दिसतं. लोक वर चढू देतात ते विश्वासावर. आता मला कोण चढू देणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या फोटोवाल्या कंपनीला फोन लावला, केस पक्की करायला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "सर, तुमच्या सेक्रेटरींनी साधं माप घेतलंय. त्यात वरून जेवढं दिसतं तेवढंच येतं. उतार धरून हवं असेल तर दर वेगळा." मी तो दर विचारला आणि ठेकेदाराच्या कागदावर लिहिला. तो जवळपास काकांइतकाच निघाला.

"हे रिपोर्टवर लिहिलंय का?"

"शेवटच्या पानावर आहे ना सर."

होतं. मुंगीएवढ्या अक्षरात. सेक्रेटरींनी दर पाहिला, पान पाहिलं नाही. मीही नाही.

मी स्टेशन डायरी मधोमध उघडली आणि टेबलावर तंबूसारखी पालथी ठेवली. वरून बघितलं. मग सपाट पसरली. सपाट केल्यावर ती जास्त जागा खात होती. काका आदल्या दिवशी हेच दाखवत होते.

"साहेब, डायरी..." ठाणे अंमलदार चाचरला.

"गप रे," मी म्हणालो.

ठेकेदाराला बोलावून झापलं. त्याला सगळं ठाऊक होतं. पोलीस बघून टरकलो, म्हणाला. स्वतःची मान सोडवायला म्हाताऱ्याला पुढे केलं पठ्ठ्याने. गोदामातले पत्रे मोजले, ते पाच हजारांच्या हिशेबात बरोबर बसले. निनावी फोन कुणाचा, ते कधीच कळलं नाही.

अर्ज निकाली काढून कागद पाठवला असता तरी चाललं असतं. पण टेप आणि वही परत द्यायला मी स्वतः गेलो. काकांनी वही तेवढी घेतली, टेप नाही. "नेताना सगळ्यांनी बघितलं," ते म्हणाले. "आता मोजताना बघू दे. तुम्ही वर्दीत या."

रविवारी सकाळी मी वर्दीत शिडी चढलो. खाली चौकात सेक्रेटरी कागद-पेन घेऊन उभे. समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या गच्च. काकांनी टेपचं टोक आढ्याशी माझ्या हातात दिलं आणि स्वतः उतारावरून खाली सरकले.

"सायबा, ताणून धरा. ढिलं सोडलंत तर माप खोटं येतं."

मी धरलं. काका आकडा ओरडत, सेक्रेटरी लिहीत. बेरीज आली पाच हजार अठरा. काकांनी अठरा फूट कमीच लिहिले होते. सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत हात जोडले, आणि तिथेच उभ्या ठेकेदाराने काकांना पुढच्या कामाचं विचारलं.

आता आमच्या दादरच्या सोसायटीत कुणी तीन कोटेशनं घेऊन आलं, की मी आधी शेवटचं पान वाचतो, आणि माप घ्यायला वर कोण चढलं होतं ते विचारतो. नोकरीत असताना हे सुचायला हवं होतं.

काकांनी मला माफ केलं का, माहीत नाही. खाली उतरल्यावर त्यांनी टेप गुंडाळली, खिशात घातली आणि जिना चढून घरी गेले. त्या चाळीत पोस्टमनलाही चहा विचारतात. मला विचारला नाही.