जुळल्याशिवाय न उठणारा भूपाल

भूपाल गेल्याचं कळलं तेव्हा मी साताऱ्यात, माझ्या ऑफिसात, त्याच्याच नावानं खडे फोडत होतो. एक फाईल पाठवून पंधरा दिवस झाले तरी गड्याचा पत्ता नव्हता. मग सांगलीहून त्याच्या धाकट्या भावाचा ट्रंक कॉल आला... कावीळ. पस्तिशीही गाठली नव्हती. शोकसभेत सगळ्यांनी त्याला अभ्यासू, ध्येयवादी करून टाकलं. मला ते ऐकवेना. सी. ए.च्या फायनलला चार वेळा नापास झालेला हा इसम, अभ्यास कसा करू नये याचा चालताबोलता नमुना होता.

दुष्काळानंतरची ती वर्षं. मी रहिमतपूरचा, सांगलीत खोली घेऊन राहिलेला. तो तिथल्याच हळदीच्या अडत्याचा मुलगा, अभ्यासाला माझ्याकडे यायचा. क्लास पुण्या-मुंबईला. आमच्याकडे पोस्टानं येणारे धडे आणि आपापलं डोकं, बस्स. माझी रीत सरळ होती. जुन्या प्रश्नपत्रिका जमवायच्या, पुन्हा पुन्हा येणारं तेवढंच घोटायचं, घड्याळ लावून बसायचं आणि चाळीस मिनिटं झाली की ताळेबंद जुळो न जुळो, पुढचा प्रश्न धरायचा. पायऱ्यांचे मार्क कुठं जात नाहीत. भूपालचं घोडं नेमकं इथंच पेंड खायचं. त्याच्या घरी नियम होता, दुकानाचा मेळ लागल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. जैनांचं घर, दिवस मावळल्यावर तर जेवायचंच नाही. म्हणजे मेळ लांबला की उपास! अशा उपासांवर वाढलेला माणूस जुळवल्याशिवाय उठणार कसा?

"आरं, साडेतीन रुपयाचा फरक हाय. कुठंतरी असंलच की."

"सोड की गड्या. तपासणारा काय तुझा बाप हाय?"

"न जुळता उटायचं? लाज कशी वाटत न्हाई रं तुला?"

चौथ्या खेपेला वडिलांनी बजावलं, या वेळी पास हो, नाहीतर दुकानात बस. तीन महिने मी त्याला तालीम दिली. चाळीस मिनिटं झाली की हातातली वही हिसकावून घ्यायचो. त्यानं शपथही घेतली. पुण्याच्या केंद्रावर तो माझ्यापुढं दोन बाक सोडून बसला होता. शेवटचा अर्धा तास उरल्याची घंटा झाली तरी बहाद्दर पहिल्याच प्रश्नावर! बाहेर आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं. "जुळला रं!" म्हणाला. त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. मी पास झालो आणि तो हळदीच्या पोत्यांत जाऊन बसला. साताऱ्यात चारचौघांत मी त्याचा किस्सा रंगवून सांगायचो, लोक पोट धरून हसायचे.

त्या किश्श्याचा उत्तरार्ध मात्र मी कधी कुणाला सांगितला नाही. ऑफिस थाटलं त्याच वर्षी एका सोसायटीचा ताळेबंद जुळेना. इथं हा सोडून धरायला पुढचा प्रश्न नव्हता. एस.टी. धरून गुपचूप सांगलीला गेलो. भूपालनं तासाभरात चूक काढून दिली. पुढं दर वर्षी हेच. पैसे त्यानं कधी घेतले नाहीत, पण टोमणा कधी सोडला नाही.

"या सी. ए. सायब! पास झालास लेका, पर शिकला न्हाईस."

मी हसण्यावारी न्यायचो. मनातून त्याचा राग यायचा, कारण तो खरं बोलत होता आणि मला ते माहीत होतं. शोकसभेत हे सांगायला उठलो होतो... नाही जमलं. दोन गुळगुळीत वाक्यं बोलून खाली बसलो.

निघताना भावानं मी पाठवलेली ती फाईल हातात दिली. "दवाखान्यात बी हेच घिऊन बसला हुता. नगं म्हटलं तरी ऐकलं न्हाई." चाळिसाव्या पानापर्यंत त्याच्या लाल पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. फरक अजून सापडलेला नाही. पुढच्या आठवड्यात त्या ताळेबंदावर मला सही करायची आहे. तीन दिवस झाले, मी एकेचाळिसावं पान उघडून बसलो आहे, आणि चूक कशी शोधतात ते मला ठाऊक नाही.