नसलेल्या दारातून

गडाचा दिंडी दरवाजा केव्हाच ढासळलाय. दोन्ही बाजूंचे चिरे तेवढे उरलेत, वर नुसतं आभाळ. तरी माझ्यापुढे ताकाची कळशी घेऊन चढणाऱ्या सखूबाई तिथे कमरेत वाकल्या आणि पुटपुटल्या, "आपलीच हाय, बाबा."

"कुणाला सांगताय?" मी हसलो.

"दार ठेंगणं हुतं. येणाऱ्याची मान आदी आत यायची, आन् आत तलवार घिऊन राखण्या उभा. आपलं मानूस हाय, हे सांगाया नगं? माझी सासूबी सांगायची."

त्या पुढे गेल्या. मी ताठ जाणार होतो. पण मान आपोआप वाकली. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून थांबलं होतं, आणि 'आपलाच आहे' म्हणायला माझी जीभ रेटेना.